जनार्दनने लिहिलेली आत्या

जनार्दनला हसताना मी पाहिलं नाही. कोणी गमतीचं काही बोललं की बाकीचे हसायचे आणि हा कपाळाला आठ्या घालून म्हणायचा, "परत बोल." माणूस परत बोलायचा, पण दुसऱ्या वेळी वाक्य जरा नीटनेटकं करून. जनार्दनला ते चालायचं नाही. "असा नाय. आधी तू 'हात मेल्या' म्हनलास, मंग थांबलास, आनि मंग म्हशीचा काढलास." गंमत म्हशीत नसून त्या थांबण्यात होती, हे बोलणाऱ्याच्या गावीही नसायचं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी शहापूरला एका शाळेत लिपिक होते आणि संध्याकाळी आमच्या मंडळाच्या नाटुकल्यांचं व्यवस्थापन बघायचे. कोण आलं, कोण नाही, साड्या किती, मिशा किती, परत किती आल्या, हे सगळं माझ्या वहीत असे. एके दिवशी सापगावकडून एक काटकुळा मुलगा सायकलवर आला आणि हातात हवा भरायचा पंप घेऊन तालमीच्या खोलीत शिरला. मी पेन उचललं तसा म्हणाला, "ताई, पंप यादीत लिवू नका. सायकल कोन नेनार नाय, पंप नेतील." हे आमच्यातलं पहिलं बोलणं.

त्याच्या वडिलांची सापगावला पिठाची गिरण होती. आई तो चार वर्षांचा असताना बाळंतपणात गेली. वडिलांना गिरण आणि मूल एकत्र सांभाळता येईना, म्हणून मुलाला मुरबाड तालुक्यातल्या बहिणीकडे ठेवलं. भागी आत्याला मूलबाळ नव्हतं. ती धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात भटजीच्या मंत्रांइतकाच मान धवलारणीच्या गाण्यांना असे. हळदीपासून वरातीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिच्याकडे. विहिणीची टिंगल करण्याचा हक्कही तिचाच, आणि मांडवात घरातल्या मेलेल्या माणसांना नाव घेऊन लग्नाचं आवतण द्यायचं कामही तिचंच. घरच्या माणसानं ते द्यायचं नसतं; लग्न करून दिलेली लेक परघरची, तिला चालतं. हसवता हसवता ती मध्येच कोणाच्या तरी गेलेल्या बापाचं नाव घ्यायची आणि मांडव गप्प व्हायचा. जनार्दन लहानपणी तिच्या मांडीजवळ बसून हे बघत आला. कुठे थांबायचं हे तो तिथेच शिकला. त्याला विचारलं तर म्हणायचा, "मी काय शिकलो नाय. मी बसलो व्हतो नुसता."

बारावीनंतर तो मुरबाडच्या एका कारखान्यात हजेरी लिहायला लागला. आमच्या मंडळासाठी त्याने लिहिलेली पहिली नाटुकली म्हणजे गिरणीवर नंबरावरून भांडणाऱ्या दोन बायका. कल्याणच्या स्पर्धेत तिला बक्षीस मिळालं, परीक्षकांपैकी एकाने त्याला मुंबईला बोलावलं, आणि मग सुट्टीच्या दिवशी आटगावहून गाडी पकडून हा जाऊ लागला. तेव्हा नव्या वाहिन्या निघत होत्या आणि विनोद सगळ्यांनाच हवा होता. तीन-चार वर्षं त्याचे प्रवेश दुसऱ्यांच्या नावाने लागले. कारखान्यात तो सांगायचा, "काल टीव्हीवर फौजदार खोटा दात लावून आलेला बघितला? तो आपला." कोणी विश्वास ठेवायचं नाही. "तुजा? मंग तुजा नाव कुठं हाय रे?" हा प्रश्न त्याला रोज कोणी ना कोणी विचारायचं. चेष्टेत विचारायचे, पण त्याला लागायचं.

मग एका निर्मात्याने त्याला स्वतःच्या नावाने मालिका देऊ केली. अट एकच. गावठी म्हातारी पाहिजे, दिसताक्षणी लोक हसले पाहिजेत. जनार्दन माझ्या टेबलासमोर बसून म्हणाला, "ताई, म्हातारी माज्या घरात हाय."

सरळगावच्या पलीकडे एका लग्नात आत्या गाणार होती, तिथे तो मला घेऊन गेला. तो गाणं ऐकणार आणि मी लकबी टिपणार, अशी वाटणी. मी दोन पानं भरली. ओळ सुरू करण्याआधी डावा डोळा मिटते. मांडीवर दोनदा थाप मारते. तंबाखूची पिंक टाकून मग टोमणा मारते. विहिणीला "आयक गो येहीनबाय" म्हणताना मान वाकडी करते. काम चोख झालं, याचा मला तेव्हा आनंद झाला होता. ते लिहून ठेवायला हवं.

जनार्दनने लिहिलेली म्हातारी हुशार होती. फार्महाऊसवाल्यांसाठी जमिनी लाटणाऱ्या दलालाला ती एका गाण्यात उघडा पाडायची. कच्चा खर्डा मी वाचला होता; माझी दोन पानं जोडूनच तो मुंबईला गेला. पडद्यावर मात्र एक आडदांड नट नऊवारी नेसून आला. दर दोन वाक्यांनी डोळा मिटला, कोणाच्या तरी पायावर थुंकला, मांडी बडवली, आणि मागून रेकॉर्डवरचं हसू वाजत राहिलं. गाणं नव्हतंच. दलालही नव्हता.

"गाणं कुठे गेलं?" मी विचारलं.

"लांबतं म्हनले. पुढच्या भागात घेऊ म्हनले."

"आणि तू?"

"ताई, नाव आला माजा. मोठ्या अक्षरात."

पहिला भाग बघायला आत्याच्या ओटीवर सगळी वाडी जमली होती. संपल्यावर आत्याने विचारलं, "जना, ही मीच काय रे?" तो म्हणाला, "नाय गो आत्ये. ती दुसरी." पडद्यावर त्याचं नाव दिसलं तेव्हा तिने सगळ्यांना साखर वाटली होती.

म्हातारी गाजली. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत डोळा मिटून मांडी बडवू लागली. त्याच लग्नसराईत आत्या शेजारच्या गावात लग्नाला गेली, मीही होते. तिने डावा डोळा मिटला आणि मागे बसलेल्या पोरांनी एकदम शिट्ट्या मारल्या. "आली रे आली! आज्ये, थुक!" तिने दुर्लक्ष केलं. विहिणीची टिंगल झाली, तोवर हसणं खपून गेलं. मग आवतणाची पाळी आली. नवरीचा भाऊ सहा महिन्यांपूर्वी विहिरीत बुडून गेला होता. आत्याने त्याचं नाव घेतलं आणि सवयीने मांडीवर थाप मारली. वऱ्हाडातले लोक खो खो हसले. नवरीची आई कावरीबावरी होऊन इकडेतिकडे बघत राहिली. आत्या ओळीच्या मध्येच थांबली, उठली आणि चालत घरी गेली. त्यानंतर तिने कोणाच्या लग्नाची सुपारी घेतली नाही.

जनार्दनचं स्वतःचं लग्न त्या वैशाखात ठरलं होतं. तो साडी घेऊन आत्याकडे गेला, मला सोबत नेलं. आत्या तांदूळ पाखडत होती.

"आत्ये, माज्या लग्नात तरी गा."

"नाय."

"माजी चूक झाली. पन आयसला आवतन कोन देल? तुज्याशिवाय कोन हाय?"

तिने सूप खाली ठेवलं. "माजा गाना हासवायचाच व्हता रे जना. पन कुठं हासायचा ता मी सांगत व्हते. आता ता त्यांना ठावा झाला, माजा तोंड उघडायच्या आधी. तुज्या आयसचा नाव घेतला नि कोन हासला, तर मी काय करू? सांग. तू लिवनारा हास."

तो दुसऱ्याच दिवशी मुंबईला गेला. म्हातारीचं पात्र काढून टाका, नाहीतर मी लिहिणार नाही, असं त्याने सांगितलं. निर्माता शांतपणे म्हणाला, "पात्र आमचं आहे. लिहू नका." दोन भागांनंतर लेखकाचं नाव बदललं, अक्षरं तेवढीच मोठी राहिली. म्हातारी पुढे दोन वर्षं थुंकत होती. नवे लेखक शहरातले होते, त्यांनी धवलारीण कधी पाहिली नव्हती. त्यांचं माझ्या दोन पानांवर भागलं.

लग्नाला आत्या आली. तिने हळद लावली, मुंडावळ्या बांधल्या, एकही काम चुकवलं नाही. आवतणाच्या वेळी ती जनार्दनसमोर पाटावर बसली. बायका कडेने जमल्या. मी समोरच होते. तिचे ओठ हलले, असं मला अजूनही वाटतं. तेवढ्यात मुलीकडचा एक जण पुढे सरसावून कॅमेरा रोखत म्हणाला, "थांबा थांबा, ही तीच ना? आज्जी, एकदा डोळा मिटा ना!" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. आत्याने पदर तोंडात धरला आणि मान खाली घातली.

जनार्दनने तिच्याकडे पाहिलं. मग भटजींना म्हणाला, "होऊ द्या पुढचा." आवाज अगदी रोजचा होता. लग्न वेळेवर लागलं, जेवणं दोनच्या आत आटोपली.

त्याने नंतर लिहिलं नाही. कारखान्यात परत गेला, आता तिथेच वरच्या जागेवर आहे. चांगला नवरा आहे, चांगला बाप आहे. लग्नपत्रिका आली की आहेर बायकोबरोबर पाठवतो, स्वतः मांडवात जात नाही. लोक म्हणतात, टीव्हीवरच्या अपयशाने खचला. मी दुरुस्त करत नाही.

आत्या चार वर्षांनी गेली. तिच्या मागे कोणी धवलारीण झाली नाही. आता या भागातल्या लग्नांत धवल्यांची कॅसेट लावतात. कोण्या बाईने शहरात जाऊन गायली आहे, आवाज गोड आहे, सगळे विधी क्रमाने आहेत. मेलेल्यांना बोलवायची ओळ मात्र तिच्यात नाही. ती भरता येत नाही, कारण प्रत्येक घरचे मेलेले वेगळे असतात.