सगळी दारं हिरवी

शेलूबाजारात हमरस्त्याच्या आतल्या गल्लीत माझ्या भाड्याच्या खोल्या आहेत. मी जन्मभर जीप हाकली. खोल्यांचं सगळं माझी बायको, आमची बुढी, पाहायची. कोणाचा नळ गळते, कोणाची चावी हरवली, तिलेच ठाऊक. दिवाळीच्या आधी ती गेली. हे झालं त्यानंतरच्या उन्हाळ्यात.

भर दुपारी कोपऱ्याच्या खोलीतली भाडेकरीण अनवाणी धावत आली. रिठदकडची पोरगी, नवरा कापडाच्या दुकानात.

"काकाजी, दार लागलं. कपडे वाळू घालाले निघाली अन वाऱ्यानं ओढलं. चावी आत राह्यली."

"मंग एवढ्या धापा कायले टाकून राह्यली?"

"लेकरू झोळीत हाय. दूध गॅसवर हाय."

मी बुढीच्या चाव्यांचा जुडगा खुंटीवरून ओढला अन निघालो. आमची दारं लोखंडी, कुलपं खटक्याची. दार एकदा बसलं की बाहेरून चावीशिवाय उघडत नाही. खिडकी एकच, तिच्यात कूलर बसवलेला. दाराशी पोचलो तर करपलेल्या दुधाचा वास सुटला होता.

जुडगा हातात घेतला अन जागीच थांबलो. बुढीले अक्षर येत नव्हतं. तिनं एकेक दार वेगळ्या रंगाचं करून घेतलं होतं अन त्याच रंगाची चिंधी त्या चावीले बांधली होती. पिवळ्या दाराले पिवळी, निळ्याले निळी. चुकायचं कामच नाही. पण ती गेल्यावर सकाळी उठून ते रंग मले पाहावत नव्हते. तेरवी झाली अन मी एकच डबा आणून सगळी दारं हिरवी केली. चाव्यांचं डोक्यातच आलं नाही. जुडग्यात हिरवी चिंधी एकही नव्हती.

अंदाजानं निळी घातली. आत शिरली, पण फिरेना. कुलपं एकाच कंपनीची, चुकीची चावी आत जाते अन अडकून बसते. ओढून काढेस्तोवर हाताले घाम फुटला.

"दुसरी घाला ना," बाई म्हणाली.

"आत मोडली तर मंग?"

वरच्या खोलीतला मास्तर लोखंडी सब्बल घेऊन आला. "हटा काकाजी, फोडतो."

तेवढ्यात फटीतून दुसरा वास आला. दूध उतू जाऊन आग विझली होती अन गॅस तसाच सुटला होता.

"ठेव ते खाली," म्या म्हटलं. "गॅस भरला आत. लोखंडावर ठिणगी उडाली तर? हेच शिकवून राह्यला का पोराइले? मीटरजवळ जाय, मेन पाड."

मास्तर गेला. मेन पडला, कूलर थांबला. घरघर थांबली तेव्हा कळलं, आत लेकराचा आवाजच नव्हता. रडणं नाही, काही नाही. बाई दारावर थापा मारू लागली.

"कोणता रंग होता या दाराचा?" म्या तिले विचारलं.

"मले काय मालूम? मी आली तवा हिरवंच होतं."

मास्तर परत आला, म्हणाला गुलाबी. मले राखाडी वाटे. माझंच घर, माझंच दार, अन रंग आठवेना. बिजागरीजवळ पोपडा आला होता, तिथं नखानं खरवडू लागलो. नख मुळातून उचकलं. हिरव्याखाली जांभळा निघाला, वांग्यासारखा. जांभळी चिंधी शोधली. नख उचकलेल्या बोटानं चावी भोकात जाईना. मास्तरनं माझं मनगट धरलं.

फिरली.

"बटण दाबू नोको कोणी," असं ओरडत मी आत शिरलो अन गॅसचं बटण फिरवलं. बाईनं लेकरू झोळीतून उचलून अंगणात निंबाखाली आणलं. त्याची मान लटकत होती. मास्तरनं तोंडावर पाणी मारलं. एकदा मारलं, परत मारलं. मंग लेकरू शिंकलं अन त्यानं असा टाहो फोडला की गल्लीतली माणसं बाहेर आली.

बाई खाली बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "काकू असत्या तर एवढा वेळ लागला नसता."

मास्तर तिले गप करू लागला.

"बोलू दे," म्या म्हटलं. "खरंच हाय. ती असती तर म्या दारं हिरवी कायले केली असती?"

लेकरू रडूनच राह्यलं होतं, अन आम्ही कोणीच त्याले चूप करत नव्हतो.