ऊन पाठीशी पायजे

तासगावचे आमचे शेजारी काहीही समजावून सांगताना खिशातले बेदाणे काढायचे. एकोणऐंशी साली गुरूजवळून यान जाणार, हे पेपरात वाचून त्यांनी गुरू म्हणून एक लिंबू ठेवलं आणि त्याभोवती चार बेदाणे मांडले. "यान थांबणार न्हाई, गड्या. कुठला चंद्र कवा, कुठल्या अंगानं बघायचा, ते आधीच ठरवाया पायजे. आन् ऊन पाठीशी पायजे."

पुढं त्यांच्या फौजेतल्या मुलाची गाडी जवळच्या स्टेशनातून न थांबता जाणार होती. मुलगा कुठल्या बाजूच्या खिडकीत बसेल, ठाऊक नव्हतं. त्यांनी रुळांच्या एका बाजूला काकूंना उभं केलं, दुसऱ्या बाजूला स्वतः राहिले.

गाडी गेली. काकू रडता रडता हसत होत्या. त्यांना पोरगा दिसला होता.

"आणि तुम्हाला?" मी विचारलं.

"मला गाडी दिसली की," डोळे चोळत ते म्हणाले.

ऊन पाठीशी येणारी बाजू त्यांनी काकूंना दिली होती.