आधी पत्रा

पनवेलला गोवा हायवेलगत एका डेंटिंगवाल्याचं गॅरेज आहे. माझी गाडी कुठे घासली की मी तिथेच नेते. तो आधी बोटाच्या पेराने पत्रा ठोकतो, कान देऊन ऐकतो आणि सांगतो, "हितं कुनीतरी लांबी भरलीय." लांबी म्हणजे खड्डा बुजवायची पुट्टी. पत्रा ठोकून सरळ होत असताना लांबी भरणं त्याच्या लेखी लबाडी आहे. घाईच्या गिऱ्हाइकाला तो सरळ दुसऱ्या गॅरेजचा रस्ता दाखवतो. बोलताना मात्र मध्येच थांबून तोंडाने श्वास घेतो, कारण कबड्डीत मोडलेलं त्याचं नाक मधोमध खचलेलं आहे.

लेकीचं लग्न ठरल्यावर तो माझ्या दवाखान्यात आला. मी त्वचेची डॉक्टर.

"मॅडम, सुईनं नाक सरळ होतं म्हनं. फोटोपुरतं करा."

मी समजावलं. इंजेक्शनने खड्डा भरतो, नाक सरळ दिसतं, पण वर्ष-दीड वर्षात भरलेलं औषध विरतं. आतला वाकडा पडदा आहे तसाच राहतो.

"मंग डावीकडून श्वास नाय येनार?"

"नाही. त्याला ऑपरेशनच लागेल."

त्याने पेराने स्वतःचं नाक हलकेच ठोकलं. "म्हंजे ही लांबीच की. ऑपरेशनवाल्या डॉक्टरची चिठ्ठी द्या. आधी पत्रा."

"अहो, लग्नात नाकावर पट्टी दिसेल."

"दिसू दे. लेक वळखते मला."