पंपाने उपणलेली ज्वारी

मशीन तिसऱ्यांदा बंद पडलं तेव्हा काळं आभाळ अर्ध्यावर आलं होतं आणि आमची वर्षाची ज्वारी खळ्यावर भुसासकट उघडी पडली होती. वारा दोन दिवसांपासून पडलेला. वाऱ्याशिवाय उपणणी होत नाही, दाण्यातलं भूस उडत नाही. भुसासकट भरायची म्हटली तर तिप्पट पोती लागली असती, आणि ती आमच्याकडे नव्हती. ज्वारी भिजली की काळी पडते. मग तिची भाकरी माणसाच्या घशाखाली उतरत नाही.

मशीन म्हणजे कापसावर औषध मारायचा पेट्रोलचा पंप, पाठीवर घ्यायचा. माझ्या मालकांनी तो ताडकळसच्या एका शेतकऱ्याकडून जुना घेतला होता. त्याच्या नळीतून वारा जोरात येतो, त्या वाऱ्यावर उपणता येईल, हे माझ्या डोक्यातून निघालं. औषधाची टाकी मी काढून ठेवली होती आणि नळी सोड्याने दोनदा धुतली होती.

मालकांनी प्लग खोलला, पुसला, इंजिनाला टेकवून दोरी ओढली. निळी ठिणगी पडली. पण प्लग कोरडा होता, म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं. माझे चुलत दीर मोटारसायकली खोलायचे. त्यांनी कारबोरेटर काढला, फुंकला, परत बसवला. मशीन सुरू झालं, दोन टोपल्या उपणेपर्यंत चाललं आणि खोकून बसलं.

"परभणीहून मिस्त्री आणावा लागतो बघ," दीर म्हणाले.

"कशात आणतो? तुझ्या खांद्यावर?" मालक म्हणाले. विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत त्या आठवड्यात एसटी बंद होती.

मी टोपली घेऊन नुसती उभी होते, म्हणून बघायला वेळ मिळाला. मालक दरवेळी झाकण उघडून पेट्रोल किती आहे ते बघायचे, झाकण गच्च लावायचे, आणि मशीन चालू व्हायचं. थोड्या वेळाने मरायचं. पेट्रोल तर भरपूर होतं.

तेलाचा पत्र्याचा डबा फोडताना बाई दोन भोकं पाडते. एकातून तेल येतं, दुसऱ्यातून वारा आत जातो. एकच पाडलं तर तेल गुळगुळ करतं आणि थांबतं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण माहीत होतं.

"आवं, त्या झाकणाला भोक आसंल, बघा."

दीर हसले. "वैनी, ही काय चूल हाय का?"

"चूलच समजा. तिलाबी वारं लागतंच की."

भोक होतं, सुईएवढं, पण दिसत नव्हतं. त्यावर हळदीकुंकवाचा जाड थर वाळून बसला होता. तो मीच लावला होता, त्याच दिवशी सकाळी. विषाचं मशीन खळ्यावर आणायचं तर आधी त्याची पूजा कर, असं माझ्या सासूने बजावलं होतं. पूजेत कुंकू माथ्यावर लावतात, आणि मशीनचा माथा म्हणजे ते झाकण. मी ओलं कालवून चांगलं थापलं होतं. चूक माझीच होती.

मंगळसूत्राला अडकवलेली पिन काढून मी झाकण खरडायला लागले.

"सवाशीण बाईनं कुंकू खरडू नाय गं," बाजूला बसलेल्या सासू म्हणाल्या.

"त्याचं नाक बुजलंय, आत्याबाई. नाक मोकळं करायलेय."

"मंग बाजूला लाव थोडं."

"लावते. आधी ज्वारी."

मालकांनी दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला मशीन लागलं आणि चालत राहिलं. पहिल्या टोपलीला भुसाबरोबर दाणेही उडाले. मी ओरडून वेग कमी करायला लावला. मग जमलं. मी तिपाईवर उभी राहून ज्वारी सोडत होते, मालक पंप पाठीवर घेऊन खाली उभे होते, दीर रास सारत होते. आत्याबाई पोत्यांची तोंडं शिवत होत्या. त्यांची नजर अधू होती, पण टाका पक्का होता.

शेवटची पोती गाडीत टाकून ताडपत्री बांधली आणि पाऊस आला. त्यात थोडी गारही होती. भूस सगळं भिजलं. बैलांना त्या साली कडब्यावरच ठेवलं. दीर पुढे गावभर सांगत फिरले की पंपाचा बिघाड त्यांनीच काढला. त्यांची मोटारसायकल बंद पडली की मात्र मी विचारायचे, "भावजी, झाकण बघितलं का?"

त्या ज्वारीच्या भाकरीवर त्या साली आत्याबाई, आम्ही दोघं आणि चार लेकरं, सातही जण जगलो.