भोपळ्याचे शेंडे

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. नांदेडला तिच्या दोन खोल्यांत राहून मी बी.ए. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं.

आता मी लातूरला शाळेत शिकवतो. गेल्या वर्षी आत्याला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. दर शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की मी बस धरायचो. अहमदपूर, लोहा करत पोचेपर्यंत अंगात काही उरत नसे, आणि दारातूनच दिसायचं, सकाळचं ताट झाकलेलं तसंच. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. मी म्हणायचो, लातूरला चल. ती म्हणायची, "न्हाई. माझं घर हाय हितं."

मोरीच्या पाण्यावर तिने लाल भोपळ्याचा वेल लावला होता. एका शनिवारी त्याला लिंबाएवढं फळ दिसलं. मी बोट करून ओरडलो, "आत्या, हे बघ!"

"बोट दाखवून राहिलास? मोड ते बोट!"

कोवळ्या भोपळ्याला बोट दाखवलं की तो गळतो, असं आमच्याकडे मानतात. मी हसलो. पुढच्या शनिवारी फळ पिवळं पडून खाली पडलं होतं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "सर, मावशी म्हणल्या होत्या, ह्या भोपळ्याची भाजी तेवढी खाईन."

फुलाला पराग मिळाले नव्हते म्हणून फळ गळालं, हे मला ठाऊक होतं. पण सांगायचं त्राण नव्हतं.

"शेंडे खुडा," वहिनी म्हणाल्या, "नवा फुटवा येतो."

मी खुडत बसलो. टोपलीभर शेंडे झाले. भाजी आणायला बाजारात जायचं होतं, पण पाय उचलत नव्हते. हातातला शेंडा लुसलुशीत होता. याच वेलाच्या फुलांची भजी करतात, मग शेंड्यांनी काय घोडं मारलंय? एक चावून पाहिला. कडू नव्हता. देठांचे दोर सोलले, बारीक चिरलं आणि लसणाच्या फोडणीत मुगाच्या डाळीबरोबर शिजवलं. पानांवरची खरखरीत लव शिजल्यावर कुठे गेली कळलंही नाही. आधी मी खाल्लं. मग आत्याला वाढलं.

"कशाची हाय?"

"खा आधी."

"तांदुळजा न्हाई. चवळी बी न्हाई." ती दुसरा घास घेत म्हणाली. तिसऱ्या घासाला मी सांगितलं.

तिचा हात थांबला. "शेळीचा चारा घातलास व्हय रे मला?"

"मीपण तेच खाल्लंय."

"मग तू बी शेळीच," ती म्हणाली, आणि उरलेल्या भाकरीने ताट पुसून घेतलं.

फोनवर तिला नीट ऐकू येत नाही. मोठं अक्षर मात्र ती सावकाश वाचते. म्हणून लातूरला परत आल्यावर मी पत्र टाकलं:

"आत्या, नमस्कार. कोवळेच शेंडे घे, दोर सोलून टाक. अर्धी तरी भाकरी खात जा. लातूरला चल असं आता म्हणणार नाही. पण ताट झाकलेलं दिसलं तर पुन्हा म्हणेन. मी फार थकलोय गं. तू जेवलीस एवढं कळलं तरी मला झोप लागते. नवं फळ धरलं तर मला दाखवू नकोस, माझं बोट आपोआप वर जातं. शनिवारी येतो. तुझा भाचा."