खोडलेलं 'शे'

म्हसावदच्या शाळेत आमच्या मराठीच्या सरांना नावानं कुणी ओळखत नसे. ते 'आहे सर'. निबंधात आमच्या अहिराणीतलं 'शे' दिसलं की त्यांचं लाल पेन विंचू चावल्यासारखं उसळायचं. खाट्कन आडवी रेघ आणि वर टपोरं 'आहे'. माझी पहिली वही परत आली तेव्हा मी हादरलेच. कुणाची तरी वही चुकून माझ्याकडे आली, असं वाटलं. पण पहिलं वाक्य माझंच होतं : 'मन्ही माय वावरमा शे.' आणि ते अख्खं खोडलेलं.

"घरचं घरी, कागदावरचं कागदावर," सर म्हणाले. "लिही, माझी आई शेतात आहे."

त्यांचा दुसरा हट्ट रोज एक पान लिहिण्याचा. "ताप आला तर अर्धं." मला एकदा खरंच ताप आला. मी अर्धं पान लिहून नेलं, तर सरांनी कपाळाला हात लावून बघितला आणि मगच सही केली. असा संशयी माणूस! पण त्या पानांनीच मला घडवलं. आज तळोद्याच्या कचेरीत अवघड पत्र आलं की साहेब माझ्याकडे सरकवतात. तुमची मराठी काय स्वच्छ आहे, म्हणतात. मी 'आहे सरां'ची विद्यार्थिनी, हे मी मिरवतच आले.

सर स्वतः इतकं शुद्ध बोलत की ते पुण्याकडचे असावेत, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती.

त्यांच्या सांगण्यातलं मी अर्धंच ऐकलं, हे मला कधी कळलं नाही. कागदावरचं मी घरी आणलं. मायला 'आई' म्हणू लागले, तिच्याशी 'आहे-नाही' करू लागले. ती बिचारी शेजारणींना कौतुकानं सांगायची, "मन्ही पोर कचेरीनी भाषा बोलस." मग हळूहळू माझ्याशी कमीच बोलायला लागली. फोनवर तर हं, हं, बरं, एवढंच. वय झालं, असं मी धरून चालले.

गेल्या महिन्यात सर गेले. मी लोणखेड्याला त्यांच्या घरी भेटायला गेले. सरांच्या बायकोनं, काकूंनी, माझं नाव विचारलं, आत गेल्या आणि एक जाड वही घेऊन आल्या. "तुन्हं नाव शे ह्या वहीमा," म्हणाल्या. सरांच्या घरात 'शे'?

"घरमा ते अहिराणीच बोलेत," काकू म्हणाल्या. "शाळाना पोरेस्ना समोर मातर नही."

वहीवर लिहिलं होतं, 'खोडलेले शब्द'. आत पानोपानी आमची वाक्यं. ज्याचं त्याचं नाव, इयत्ता, आणि सरांनी खोडलेलं जसंच्या तसं, सुवाच्य अक्षरात उतरवलेलं. माझंही होतं. 'मन्ही माय वावरमा शे.' खाली सरांच्याच अक्षरात एक ओळ : 'वाक्य बेस शे. मी खोडं.'

ज्या माणसाला घाबरून मी माझी भाषा टाकली, त्यानं ती उचलून इतकी वर्षं जपली होती. आणि मी? मला तर त्यांनी घरी बोल म्हणून बजावलं होतं. सरांचा राग आला, त्याहून माझा आला. काकूंसमोर ढसाढसा रडले.

बाहेर ओट्यावर येऊन मायला फोन लावला. तिचा साधा फोन, नाव तिला वाचता येत नाही, आवाजावरून ओळखते. जीभ अडखळत होती, तरी नेटानं म्हणाले, "माय, काय करी ऱ्हायनी?"

पलीकडून तिचा आवाज आला, परक्या माणसाशी बोलावं तसा.

"कोन शे वं बाई तू?"