शाळा मागच्या बाजूने बघणारे साहेब

साहेब कुठल्याही इमारतीत शिरले की आधी मागच्या बाजूला जात. मग ते आम्ही राहत होतो त्या सिंगापूरच्या यिशुन भागातलं, खाण्याच्या दुकानांचं हॉकर सेंटर असो, दवाखाना असो, नाहीतर आमच्या ब्लॉकखालची बालवाडी असो. भांडी कुठे धुतात, नळाला पाणी येतं का, संडासाच्या दाराला आतून कडी आहे का, एवढं पाहून झालं की मगच ते पुढे येऊन बसत. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "पुढची बाजू साहेबासाठी झाडलेली असते, बेटा. मागची बाजू रोजची असते. मी स्वतः साहेब होतो, मला ठाऊक आहे."

ते अमरावती जिल्ह्यात शिक्षण विस्तार अधिकारी होते. गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळा तपासायच्या आणि शेरा लिहायचा, यातच त्यांची नोकरी सरली. पत्नी गेल्यावर त्यांची मुलगी सुजाता त्यांना सिंगापूरला घेऊन आली. ती बुओना व्हिस्टा भागातल्या एका प्रयोगशाळेत संशोधक होती आणि आमच्या दोन मजले वर तोवर एकटीच राहत होती. सुजाता सकाळी कामावर गेली की साहेब खाली येऊन व्हॉइड डेकच्या, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेतल्या, दगडी बाकावर बसत. लिफ्टपाशी भेटले की "जयभीम" म्हणत, मी "नमस्कार साहेब" म्हणे. दोन-तीन महिन्यांनी मीही जयभीम म्हणायला लागले, ते कधीपासून हे आम्हा दोघांनाही आठवत नव्हतं.

त्या वर्षी आमच्या घरात एकच विषय होता. इरा सहा वर्षांची झाली होती आणि पुढल्या जानेवारीत तिला प्रायमरी वनला, म्हणजे पहिलीला, घालायचं होतं. इरा बोलताना अडखळायची. घरात कमी, बाहेर इतकी की बालवाडीत तिने बोलणंच सोडून दिलं होतं. पाणी हवं असलं तरी बाटलीकडे बोट दाखवायची. मी काही सुचवलं की मान हलवून इथल्या बोलीत "नो नीड लाह", नकोच, म्हणायची. एवढं मात्र न अडखळता.

माझ्या नवऱ्याने, निखिलने, बुओना व्हिस्टाकडे भाड्याचा एक फ्लॅट हेरून ठेवला होता. त्याच्याजवळ एक नामांकित सरकारी शाळा होती. घर शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलं की प्रवेशाला प्राधान्य मिळतं. आम्हाला पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळून वर्ष झालं होतं, त्यामुळे नागरिकांच्या मागे का होईना, आमचा नंबर लागू शकत होता. पण अर्ज भरण्याआधी पत्ता बदलायला हवा होता आणि एजंटला दोन आठवड्यांत, शुक्रवारपर्यंत, उत्तर हवं होतं. निखिलने निकालांचे तक्ते, पालकांच्या ग्रुपवरची मतं, सगळं एका फाइलमध्ये लावून ठेवलं होतं.  त्या शाळेत इरा तोंड उघडेल का, याचा तक्ता मात्र कुठेच नव्हता.

मी ती फाइल साहेबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पानं उलटली आणि परत दिली.

"कागद चांगला आहे," ते म्हणाले. "पण कागदाने मला एकदा फसवलंय."

मग त्यांनी शोभाची गोष्ट सांगितली. एका गावच्या शाळेत त्यांनी हजेरीपट तपासला, पट चोख होता, चांगला शेरा लिहिला आणि सही केली. पंधरा दिवसांनी त्याच रस्त्याने जाताना शेतात कापूस वेचणारी एक मुलगी दिसली. कोणत्या शाळेत जाते विचारलं तर तिने त्याच शाळेचं नाव सांगितलं, पाचवीत असल्याचंही सांगितलं. साहेब मोटरसायकल वळवून शाळेत गेले. "ती पोरगी कापूस वेचत होती आणि पटावर हजर होती. वर्षभर हजर होती. त्या पानाखाली माझी सही होती." पुढच्या तपासणीला गेले तोवर तिचं लग्न झालं होतं. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की पडला नाही. फक्त चष्मा पुसायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

मीच म्हटलं, "साहेब, ती शाळा तुम्ही बघाल का? आणि आपल्या यिशुनचीही?" हे वाक्य माझं होतं. ते पुढे कामाला येणार आहे म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

परक्या माणसाला इथे शाळेच्या फाटकाच्या आत पाऊल ठेवता येत नाही. नळ नाही, संडास नाही, मागची बाजूही नाही. साहेबांनी त्यावर उपाय काढला. ते शाळा भरण्याच्या वेळी जाऊन समोरच्या बसस्टॉपवर बसायचे आणि घंटा झाल्यानंतर फाटकाकडे बघायचे. "वेळेवर येणाऱ्या पोराशी सगळ्याच शाळा चांगल्या वागतात," ते म्हणाले. "उशिरा आलेल्याशी कसं वागतात ते पाहायचं." पहिल्या आठवड्यात त्यांनी यिशुनची शाळा पाहिली. दुसऱ्या आठवड्यात सोमवारपासून ते बिशानला मेट्रो बदलून बुओना व्हिस्टाला जायला लागले. सकाळी एकदा आणि दुपारी शाळा सुटताना पुन्हा. बरोबर छत्री, पाण्याची बाटली आणि एक छोटी वही.

बुधवारी दुपारी दोनच्या सुमारास माझा फोन वाजला. पोलीस होते. एक वृद्ध गृहस्थ तीन दिवस शाळेसमोर बसून मुलांकडे बघतात आणि वहीत काहीतरी लिहितात, अशी एका पालकाने तक्रार केली होती. त्यांच्याजवळ इथे राहण्याचा पास नव्हता, तो घरी राहिला होता. सुजाताचा नंबर विचारला तेव्हा त्यांनी तिच्या कामात व्यत्यय नको म्हणून माझा दिला होता.

माझं ऑफिस तिथून दहा मिनिटांवर होतं. मी जवळजवळ धावतच गेले. साहेब बसस्टॉपच्या बाकावर ताठ बसले होते, छत्री दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून. दोन तरुण पोलीस समोर उभे होते. रस्त्यापलीकडे पालक आपापल्या मुलांना जवळ ओढून आमच्याकडे बघत होते. त्यातली एक बाई फोनवर चित्रण करत होती. साहेबांनी आयुष्यभर शाळेच्या दारात उभं राहून सलाम घेतले होते. आता त्यांच्या कपाळावर घाम होता आणि तो पुसायला त्यांनी हात वर केला नव्हता, पोलिसांना काही भलतं वाटेल म्हणून.

पोलीस सभ्य होते. एकजण त्यांना सारखं "अंकल, यू वेटिंग फॉर हू?" विचारत होता. दुसरा वही चाळत होता. वही मराठीत होती. त्याने ती माझ्यापुढे धरली आणि वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं: सात बेचाळीस. दोन भाऊ. धाकटा रडत. नाव लिहून घेतले, आवाज चढवला नाही. आत सोडले. थोरल्याने धाकट्याचे डोळे पुसले.

मी इंग्रजीत सांगत गेले तसा त्याचा चेहरा जरा सैल झाला. मग त्याने विचारलं, "मॅडम, तुम्ही यांना इथे पाठवलं होतं का?"

उत्तर एका शब्दाचं होतं. पण मला पलीकडचा फोन दिसत होता. आमचा पीआर, शाळेचा अर्ज, निखिलचा चेहरा, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी म्हटलं, "आमचं या शाळेबद्दल बोलणं झालं होतं."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पोलिसाकडे वळून शांतपणे म्हणाले, "आय केम बाय माय ओन डिसिजन, सर. मॅडम इज माय नेबर ओन्ली."

मी ते तसंच राहू दिलं.

मी कळवल्यावर सुजाता घरून पास घेऊन आली, नोंदी झाल्या, पुन्हा इथे येऊ नका असं सांगून पोलीस गेले.  संध्याकाळी मी वर जाऊन सुजाताला खरं काय ते सांगितलं. ती दारातच उभी होती, मला आत ये म्हणाली नाही. "त्यांचा पास माझ्या पासवर आहे, ताई. माझं रिन्यूअल दोन महिन्यांवर आलंय. तुमच्या मुलीच्या शाळेसाठी तुम्ही माझ्या वडिलांना उन्हात बसवलंत आणि पोलिसांसमोर एक हो म्हणाला नाहीत."  दार लागलं.

गुरुवारी साहेब बाकावर आले नाहीत. निखिल तर संतापलाच होता. "शेजारच्या आजोबांच्या म्हणण्यावर आपण मुलीची शाळा ठरवणार आहोत का? मी उद्या एजंटला हो सांगतोय." मला त्याचं काही चुकीचं वाटेना, हेच अवघड होतं.

त्याच संध्याकाळी दारावर टकटक झाली. साहेब उभे होते. सुजाताला सांगून आलो, असं त्यांनी आधीच स्पष्ट केलं. पाणी प्यायले आणि निखिलकडे वळून म्हणाले, "अहवाल द्यायचा राहिला होता."

त्यांनी दोन्ही शाळांबद्दल सांगितलं. मोठ्या शाळेत खोट नव्हती, असं ते म्हणाले. फाटकावरची माणसं नम्र, नियम सगळ्यांना सारखा, मुलं शिस्तीची. यिशुनच्या शाळेबाहेर कचरा होता, मोठी पोरं बसस्टॉपवर शिव्या देत होती. उशिरा आलेल्यांची नावं तिथेही लिहून घेत होते. "पण तिथला फाटकावरचा म्हातारा नाव लिहायच्या आधी पोराला धापा टाकून होऊ देतो. पाचही दिवस पाहिलं मी. पोरगं उभं राहतं, श्वास घेतं, मग तो विचारतो. मोठ्या शाळेत लगेच विचारतात. त्यात चूक काही नाही. घाई असते."

"मग तुमचं मत काय?" निखिलने विचारलं. आवाजात धार होती.

"शाळा ती मोठी चांगली," साहेब म्हणाले. "पण तुमच्या इराचं बोलणं उशिरा पोचतं, साहेब. तिला कोणती चांगली, ते तुम्ही स्वतः पाहून ठरवा. माझ्या सहीवर जाऊ नका."

ते निखिलला साहेब म्हणाले, हे मी पहिल्यांदा ऐकलं. 

शुक्रवारी सकाळी त्याने रजा टाकली आणि एकटाच यिशुनच्या शाळेपाशी जाऊन आला. मी घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत होते. एजंटचा फोन दोनदा येऊन गेला. निखिल परत आला, चपला काढल्या आणि तिथेच खाली बसला. एक मुलगा दप्तर विसरून आला होता, निखिलने सांगितलं, फाटकापाशी आल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याला काय झालंय ते सांगताच येत नव्हतं, नुसते हुंदके. "तो म्हातारा खुर्ची घेऊन त्याच्याजवळ बसला, गं. काही विचारलंच नाही त्याने." मग त्याने एजंटला फोन करून फ्लॅट नको म्हणून कळवलं. मला म्हणाला, "एक वर्ष. नाही जमलं तर मी तुझं ऐकणार नाही." अर्ज भरला. जागा मिळाली.

सुजाताचं रिन्यूअल नीट झालं, पण वर्षाअखेर तिनेच भारतातलं काम घेतलं आणि दोघं परत निघाली. मला तोवर तिने अर्धं माफ केलं होतं. निघायच्या दिवशी सामान लिफ्टमध्ये चढत असताना मी साहेबांना बाजूला घेतलं. पोलिसांसमोर मी हो म्हणायला हवं होतं, एवढं बोलायला मला पाच महिने लागले होते.

"तू भ्यालेली होतीस," ते म्हणाले. "भ्यालेल्या माणसाला मी शेरा देत नाही. मीही शोभाच्या पानाबद्दल वरिष्ठांना लगेच नव्हतं कळवलं." मग इराच्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

जानेवारीत शाळा सुरू झाली. पहिले काही दिवस मधल्या सुट्टीत पालकांना कॅन्टीनच्या कडेला उभं राहू देतात. मी दोरीपलीकडे उभी होते. इरा नूडल्सच्या रांगेत होती. तिचा नंबर आला, ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. दुकानातली बाई चमचा हातात धरून तशीच उभी राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. मग इराच्या ताटात फिशबॉल पडले. ती ताट घेऊन एका मुलीशेजारी जाऊन बसली, आणि ती मुलगी काहीतरी म्हणाली तशी इरा हसली.

मी बाहेर येऊन तिथूनच अमरावतीला फोन लावला. रडतच सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं. "बरं झालं, बेटा. फार बरं झालं," ते म्हणाले.  मग विचारलं, "आणि एकटं कोण बसलं होतं?"

 मी इरा सोडून दुसरं कुणी पाहिलंच नव्हतं.

साहेब त्याच वर्षी गेले, पावसाळ्याच्या आधी. सुजाताने फोन करून कळवलं आणि आम्ही दोघी बराच वेळ बोललो. पण त्यांची आठवण काढताना मला सुजाताचा तो फोन आठवत नाही. मला आठवते त्यांच्या प्रश्नानंतरची सकाळ. मी ऑफिसला पुन्हा रजा कळवली होती, दोरीपलीकडे उभी होते, आणि त्या दिवशी मी इराला शोधत नव्हते. सगळ्यात शेवटच्या टेबलाशी, भिंतीकडे तोंड करून, एक मुलगी उघडा डबा पुढ्यात घेऊन बसली होती. संध्याकाळी मी इराला विचारलं, तिचं नाव काय ते तुला ठाऊक आहे का?

इराला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती विचारून आली.